आठ नंबर खाटेचे मंगळवार

१

सन २०२५. श्रावण महिना, ऑगस्टची एकोणीस तारीख, मंगळवार. त्या दिवशी मुंबईत जे होते त्यांना जास्त काही सांगायला नको. हिंदमाताला कमरेएवढं पाणी होतं, गाड्या बंद, शाळा बंद, आणि आभाळ काही केल्या थांबायला तयार नव्हतं.

परळच्या एका जुन्या धर्मादाय रुग्णालयात, अतिदक्षता विभागातल्या आठ नंबरच्या खाटेवर रघुवीर पेडणेकर नावाचे अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ पडून होते. लालबागचे, जुने गिरणी कामगार. जुलैत साचलेल्या पाण्यातून चालत घरी गेले आणि लेप्टोचा ताप घेऊन आले. तीन आठवडे श्वासाच्या यंत्रावर काढले. गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली, त्यामुळे बोलता येत नव्हतं. नाकातून दुसरी नळी थेट पोटात गेलेली, तिच्यातून पातळ अन्न जायचं. सगळे त्याला फीड म्हणत.

संध्याकाळी पाच वाजता पेडणेकर घामाने निथळले आणि त्यांना झटके यायला लागले. बोटाला सुई टोचून साखर पाहिली तर सव्वीस. धडधाकट माणूस दिवसभर उपाशी राहिला तरी त्याची साखर सत्तरच्या आसपास राहते. शिरेतून ग्लुकोज दिलं, झटके थांबले, पण माणूस शुद्धीवर आला नाही.

बरोबर आठवडाभर आधी, बारा तारखेच्या मंगळवारी, त्याच खाटेवर, त्याच सुमाराला हेच झालं होतं. तेव्हा साखर एकतीस होती आणि पेडणेकर तासाभरात सावरले होते.

दोन्ही मंगळवारी ड्यूटीवर एकच सिस्टर होती. लतिका घाडी.

बुधवारी दुपारी लतिकाच्या हातात निलंबनाचं पत्र पडलं. सोमवारी अकरा वाजता चौकशी. इन्सुलिन चुकून जास्त दिलं असं त्याआधी लिहून दिलं तर बदलीवर भागवू. नाही दिलं तर तक्रार वर जाईल, नर्स म्हणून असलेली नोंदणीच रद्द होईल. बावीस वर्षांची नोकरी.

ते पत्र घेऊन ती ठाकूरद्वारला सुचित्राबाई रेडकरांकडे गेली.

सुचित्राबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्या रुग्णालयाच्या आहार विभागावर त्यांनी तेहेतीस वर्षं राज्य केलं होतं. फीडचे तयार डबे आले नव्हते त्या काळात दूध, अंडं, साखर आणि डाळीचं पाणी घोटून, फडक्यातून गाळून त्या नळीचं अन्न स्वतः करायच्या. गुठळी राहिली तर नळी तुंबते, म्हणून गाळलेलं पुन्हा गाळायच्या. लतिका एकवीस वर्षांची असताना नळीतून जेवण कसं द्यायचं ते त्यांच्याकडूनच शिकली होती.

"लिहून दे की मग," पत्र वाचून सुचित्राबाई म्हणाल्या. "बदली झाली तर झाली. पगार तर चालू राहील."

"नाही लिहिणार."

"हट्ट?"

"हट्टच. मी केलं असतं तर केलं म्हटलं असतं, बाई. न केलेल्यावर सही करायला सांगतात. उद्या तो माणूस गेला तर माझ्या सहीने गेला असं होईल."

सुचित्राबाईंनी चष्मा पुसला. मुलीची परीक्षा घ्यायची होती, ती घेऊन झाली होती. "बस. आणि पहिल्यापासून सांग. इन्सुलिन कसं चालू होतं?"

"पंपावर. तासाला तीन युनिट. पंपाची नोंद पंपातच राहते, त्यात एक थेंब इकडेतिकडे नाही. तर म्हणतात, सुईने वेगळं दिलं असशील."

"साखर किती होती दिवसभर?"

"सकाळी दहाला एकशे ऐंशी. दोनला एकशे अठरा. डॉक्टर खूश झाले, म्हणाले छान उतरतेय. मग पाचला सव्वीस."

"आणि फीड?"

"दहाची पिशवी मी लावली, दोनची मी लावली. चारशे-चारशे मिली. नळीवरचं चाक उघडलं, थेंब मोजले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. त्या दिवशी पाण्यामुळे दुसरी सिस्टर पोचलीच नव्हती, नऊ पेशंटना मी एकटी."

"झटके आले तेव्हा पहिलं काय केलंस?"

"पहिलं फीड बंद करायचं, नाहीतर ते फुप्फुसात जातं. मी चाकाला हात घातला आणि..." लतिका थांबली. तिच्या कपाळाला आठी पडली. त्या गडबडीत जे मनात नुसतं चाटून गेलं होतं ते आता पहिल्यांदा तिच्यासमोर उभं राहिलं.

"आणि काय, मुली?"

"बाई, चाक आधीच बंद होतं."

२

फीडच्या नळीवर बोटाच्या पेराएवढं प्लास्टिकचं चाक असतं. अंगठ्याने खाली सरकवलं की नळी दाबली जाते आणि थेंब थांबतात. ताकद लागत नाही.

गुरुवारी सकाळी सुचित्राबाई बस पकडून परळला उतरल्या. एके काळी या रस्त्याला भोंगा झाला की माणसांचा लोंढा फुटायचा. आता गिरणीच्या जागी काचेचे मनोरे उभे होते आणि त्यांच्या दारातले पहारेकरी म्हाताऱ्या बाईकडे संशयाने बघत होते. सुचित्राबाईंनीही त्यांच्याकडे तसंच बघून घेतलं.

विभागाबाहेरच्या बाकावर पेडणेकरांचा मुलगा धनेश बसला होता. पंचेचाळिशीचा, डोळे लाल.

"तुम्ही त्या सिस्टरच्या बाजूच्या ना?" त्याने विचारलं. "मग ऐका, मावशी. बाबांना जन्मात कधी डायबिटीस नव्हता. मग इन्सुलिन लावलंच कशाला? कोणीतरी घोळ केलाय आणि आता सगळे मिळून झाकतायत."

"साखर नव्हती हे खरं," सुचित्राबाई शेजारी टेकत म्हणाल्या. "पण आजार एवढा मोठा झाला की शरीर घाबरतं. त्याला वाटतं, आता लढायचंय. मग लिव्हर रक्तात साखर ओतत सुटतं, पोटात अन्न असो वा नसो. आणि शरीराचं स्वतःचं इन्सुलिन त्या गोंधळात कोणी ऐकत नाही. म्हणून बाहेरून द्यावं लागतं. माणूस बरा झाला की ते आपोआप सुटतं."

"म्हणजे इन्सुलिन बरोबर होतं?"

"पोटात फीड जात असेल तोवर बरोबर. फीड थांबलं आणि इन्सुलिन चालू राहिलं तर साखर कोसळते. त्यात लेप्टोने लिव्हर दमलेलं. शिलकीत काही नाही." मग त्यांनी आवाज न बदलता विचारलं, "बाबांशी तुझं भांडण झालं होतं म्हणे."

धनेश उसळला. "कोणी सांगितलं? इथल्या आयाने, रमाबाईने ना? झालं होतं. चाळीच्या जागी टॉवर होणार, सगळ्यांनी संमती दिलीय, बाबा देत नाहीत. आजारी पडायच्या आधीचं भांडण आहे ते. म्हणून काय मी बापाला मारीन?"

"एकोणीस तारखेला कुठे होतास?"

"डोंबिवलीत. गाड्या बंद होत्या, येणार कसा? दिवसभर इथे फोन करत होतो, त्यांना विचारा."

विचारलं. विभागाच्या टेलिफोनवर अकरा वेळा फोन आला होता, प्रत्येक वेळी डोंबिवलीच्या घरच्या नंबरवरून. धनेश सुटला.

डॉक्टर सौमित्र दाबके तिशीतला, दाढी वाढलेला, तीन दिवसांचा शर्ट. "बाराला मी परीक्षेसाठी नाशिकला होतो," त्याने आधीच सांगून टाकलं. "पंधराला साखर पुन्हा चढली म्हणून इन्सुलिन वाढवलं, ती ऑर्डर माझी. पण पुढची जबाबदारी सिस्टरची."

"आणि साखर चार-चार तासांनी बघायची, ही ऑर्डर कोणाची?"

"स्थिर पेशंटला तेवढं चालतं."

"एकशे ऐंशीवरून एकशे अठरा झाली तेव्हा तो स्थिर होता की घसरत होता?"

डॉक्टरचा चेहरा पडला. वाईट मुलगा नव्हता तो, फक्त झोपेला महाग झालेला होता. "आजी," तो हळूच म्हणाला, "मी तेव्हा त्याला सुधारणा समजलो."

बारा तारखेला नाशिकमध्ये असलेला माणूस परळचं चाक बंद करू शकत नाही. सौमित्रही सुटला. पण चाक खरंच बंद होतं हे दाखवायला सुचित्राबाईंकडे लतिकाच्या शब्दाशिवाय काही नव्हतं. आणि चौकशीत आरोपीच्या शब्दाला कोण विचारतो?

त्या जिना उतरून तळमजल्यावर गेल्या. आपल्या जुन्या स्वयंपाकघरात.

३

मनू जाधव तिथे कामाला लागला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. आता डोक्यावर चांदी होती. बाईंना बघून त्याने हातातला झारा खाली ठेवला.

"मनू, परत आलेल्या फीडचं काय करता हल्ली?"

"ओतून देतो. डब्यावर लिहिलंय ना, चार तासांनंतर वापरू नका."

"एवढंच?"

"मोजून ओततो," मनू म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा ताठा होता. "वहीत लिहितो. विभागाच्या नव्या मॅडम म्हणतात, कॉम्प्युटर आला, आता वही कशाला. मी म्हटलं, रेडकरबाईंनी चालू केलीय, त्यांनी बंद कर म्हणून सांगितलेलं नाही."

सुचित्राबाईंनी वही हातात घेतली. शहाऐंशी साली त्यांनी ती पद्धत पाडली होती. पेशंटला किती पाठवलं हे सगळेच लिहितात. त्याच्या पोटात किती गेलं, हे परत काय आलं यावरूनच कळतं. तेव्हाही लोक हसले होते.

वही उघडली. आठ नंबरची खाट. रोजचं परत आलेलं वीस मिली, तीस मिली, कधी चाळीस. आणि मग बारा तारीख: दहाच्या पिशवीतलं एकशे ऐंशी परत, दोनच्या पिशवीतलं तीनशे नव्वद परत. एकोणीस तारीख: दहाचं दोनशे परत, दोनचं तीनशे पंच्याऐंशी.

म्हणजे दोनची पिशवी लागली, दहा-पंधरा मिली गेलं आणि कोणीतरी चाक फिरवलं. लतिका खरं बोलत होती. मग दहाची पिशवीही अर्धी परत आली, तेव्हा कोणाला खटकलं कसं नाही? खटकणार नाहीच. व्यायाम, एक्स-रे, अंग पुसणं, या सगळ्याच्या वेळी फीड थांबवतात. अर्धी पिशवी विभागात नवी नसते.

"दोन्ही मंगळवार," सुचित्राबाई स्वतःशीच म्हणाल्या. समोर भिंतीवर पंचांगाची दिनदर्शिका लटकत होती. त्यांची नजर बारा तारखेच्या चौकोनावर गेली आणि तिथून एकोणीसच्या.

बारा ऑगस्ट, अंगारकी संकष्टी. एकोणीस ऑगस्ट, एकादशी.

दोन्ही उपासाचे दिवस.

"मनू, वर विभागात कडक उपास कोण करतं रे?"

मनू कचरला. "बाई, तसे सगळेच... पण कडक म्हणाल तर रमाबाई. पाणीसुद्धा घेत नाहीत."

४

रमाबाई अतिदक्षता विभागातल्या आया. साठीला आलेल्या, मूळच्या मालवणकडच्या, राहायला कॉटन ग्रीनला. वीस वर्षांपूर्वी सुचित्राबाईंच्या डब्यातल्या माशांच्या तिखल्यावर त्यांनी किती वेळा हात मारला होता. आज चादरींच्या खोलीत दोघी समोरासमोर उभ्या होत्या.

"माझ्यावर इलंस तू?" रमाबाईंचा आवाज चढला. "माझो उपास माझ्या पोटाक. दुसऱ्याच्या पोटार पाय देतलंय मी? आजारी माणसाच्या?"

"पुण्य लागेल असं वाटलं असेल. पेडणेकर लालबागचे, देवभक्त. त्यांचा उपास मोडू नये म्हणून—"

"गप रव. तीस वर्सा मी पेशंटांची घाण काढलंय. कोणाक काय चलता, काय नाय, माका समाजता." त्यांनी हातातली चादर फडकन झटकली. "आणि एकोणीसला मी वर होतंय खंय? तळाच्या गोदामात पाणी शिरला. एकपासून पाचपर्यंत मी आणि मनू तांदळाची पोती जिन्यार चढयत होतो. इचार तेका. पाठ अजून धरलेली आसा माझी."

मनूने ते खरं असल्याचं सांगितलं. सुचित्राबाईंना कधी नव्हे ती लाज वाटली. "चुकले, रमा."

"चुकलंसच. आणि दुसरा चुकलंस ता आयक." रमाबाई आता प्रमाण भाषेवर आल्या. त्या फार रागावल्या की तसं होई. "उपासावरून हिशेब लावतेस ना? मग पाच तारखेला काय होतं? पुत्रदा एकादशी. मंगळवारच. मी उपाशी, तुझी लतिका ड्यूटीवर, पिशवी तीच, पंप तोच. तेव्हा का नाही झालं काही?"

सुचित्राबाई उलट्या पावली तळमजल्यावर गेल्या. वही. पाच ऑगस्ट, आठ नंबर. दहाचं वीस मिली परत, दोनचं पंचवीस.

पाच तारखेला उपास होता, मंगळवार होता, तीच माणसं होती, आणि पेडणेकर पोटभर जेवले होते. लतिका दर मंगळवारी चूक करत असती तर पाचलाही केली असती. दुसऱ्या कोणी धर्म म्हणून चाक फिरवलं असतं तर पाचलाही फिरवलं असतं. पाच आणि बारा यांच्यामध्ये काहीतरी बदललं होतं.

काय?

त्यांनी डॉक्टर सौमित्रला गाठलं. "पाच ते बारा ऑगस्टमध्ये आठ नंबरचं काय बदललं? औषध, खाट, माणसं, काहीही."

सौमित्रने कागद चाळले. "विशेष नाही. आठ तारखेला झोपेचं औषध बंद केलं, एवढंच."

"म्हणजे?"

"म्हणजे पाचला ते गुंगीत होते. आठनंतर जागे झाले."

सुचित्राबाई काचेच्या दाराशी उभ्या राहिल्या. आठ नंबरच्या खाटेपाशी दोन्ही मंगळवारी दिवसभर हजर असलेला आणखी एक माणूस होता. त्याच्याबद्दल सगळे बोलले होते. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

५

शनिवारी पेडणेकर पुरते शुद्धीवर आले. धनेश उशाशी होता. सुचित्राबाई खाटेच्या उजव्या अंगाला स्टूल घेऊन बसल्या आणि पहिली दहा मिनिटं नुसतं बघत राहिल्या.

माणूस उरला होता निम्मा. दंडाची कातडी लोंबत होती, मांड्या काठीसारख्या. फीडची नळी ओढली जाऊ नये म्हणून चादरीला चिकटपट्टीने लावली होती, आणि तिच्यावरचं चाक त्यांच्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. हाताशेजारी व्यायामाचा रबरी चेंडू. आणि त्या हाताचा अंगठा हलत होता. एका पेरावरून दुसऱ्या पेरावर, तिसऱ्यावर, मग पुढच्या बोटावर.

"कंप आहे तो," धनेश म्हणाला. "डॉक्टर म्हणाले अशक्तपणाचा."

"कंपाला मोजता येत नाही," सुचित्राबाई म्हणाल्या. "तुझे बाबा जप करतायत." मग त्या वाकल्या. "पेडणेकर, मी रेडकर. इथे जेवण बघायचे. तुम्ही अंगठा दाबलात की हो समजेन. मंगळवारी या नळीचं चाक तुम्ही बंद केलंत?"

अंगठा पेरावर थांबला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत भीती नव्हती. उलट एक ताठ, जुना हट्ट होता. अंगठा दाबला गेला.

"बाबा!" धनेश ओरडला.

"थांब. बाराला पण?"

हो.

"एकादशी-संकष्टीचा उपास म्हणून? या समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं?"

हो. आणि मग त्यांनी बोटं हलवून लिहायला मागितलं. रमाबाईंनी पांढरी पाटी आणि मार्कर आणून दिला. अक्षरं वेडीवाकडी, एकेका शब्दाला मिनिटभर. सुचित्राबाईंनी घाई केली नाही.

'ब्याऐंशी. संप. घरात दाणा नाही.'

पाटी पुसली.

'असेल ते हिला नि पोराला. मी सांगायचो, आज माझा उपास.'

धनेशने तोंडावर हात ठेवला. "मला वाटायचं, बाबा फार देवाचे."

पुन्हा पाटी पुसली. यावेळी अक्षरं जास्त ठसठशीत होती.

'मालकांनी उपाशी ठेवलं. मी उपास केला. त्रेचाळीस वर्षं. कोणाच्या बापाला मोडू दिला नाही.'

सुचित्राबाईंना तो संप आठवत होता. लहान मुलांच्या वॉर्डात तेव्हा हातापायांच्या काड्या झालेली पोरं यायची आणि त्यांच्या आया म्हणायच्या, खाल्लंय हो त्याने, खातो तो. कोणीही 'नाही' म्हणायचं नाही. त्यांनी पाटी पुसून पुन्हा पेडणेकरांच्या हाताखाली सरकवली.

"गिरणीत कुठल्या खात्यात होतात?"

'माग.'

"मग तुम्हाला सांगायला सोपं आहे. धडधाकट माणूस उपास करतो तेव्हा शरीर काटकसर करतं. भट्टी मंद करतं आणि गोदामातला साठा, म्हणजे चरबी, थोडी थोडी जाळतं. गिरणी शाबूत राहते. तुम्ही त्रेचाळीस वर्षं तेच केलंत. पण इतका मोठा आजार झाला की भट्टी दुप्पट पेटते आणि गोदामाचं दार नीट उघडत नाही. मग शरीर काय करतं माहीत आहे? माग तोडून भट्टीत घालतं. मांस जाळतं. हे दंड बघा, ही मांडी बघा. तीन आठवड्यांत गेलेत तुमचे माग. श्वास घ्यायचा स्नायूही त्यातलाच."

पेडणेकर छताकडे बघत राहिले.

"हा उपास तुम्ही करत नाही आहात, पेडणेकर. आजार तुम्हाला उपाशी ठेवतोय. आणि तुम्ही त्याला चाक फिरवून मदत करताय."

मग सुचित्राबाईंनी शेवटचं सांगितलं. "आणखी एक. तुमच्या साखरेसाठी लतिका सिस्टरला घरी बसवलंय. सोमवारी तिचं नाव कापतील."

म्हातारा इतक्या जोराने वळला की यंत्राची घंटा वाजली. त्यांनी पाटी ओढून घेतली.

'उपास माझा. शिक्षा तिला का?'

आणि त्याखाली, दम लागलेला असताना:

'बोलवा त्यांना. इथे.'

६

सोमवारी अकरा वाजता अधीक्षकांच्या खोलीत तीन माणसांची समिती बसली. लतिका समोर उभी होती. खुर्ची दिली होती, ती बसली नाही.

सुचित्राबाईंनी वही उघडून दाखवली, तीन मंगळवार मांडले. अधीक्षक शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "रेडकरबाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण फिजिओथेरपीच्या नोंदीप्रमाणे या रुग्णाला उजवा हात गादीवरून उचलता येत नाही. शिवाय झटके येऊन गेलेला माणूस. त्याच्या म्हणण्याला किती धरायचं?"

"नोंद किती तारखेची आहे?"

त्यांनी कागद बघितला. "तीन ऑगस्ट."

"आज पंचवीस आहे. आणि हात उचलायचाच नाही. अंगठा फिरवायचा. वर चला."

"समिती रुग्णाच्या खाटेशी जात नसते."

"मग समितीने लतिकाचं नाव कसं कापायचं ठरवलं? तिथे न जाताच?" सुचित्राबाई उभ्या राहिल्या. "मी वर जाते. तुम्ही आला नाहीत तर बाहेर सगळ्यांना सांगेन की साहेबांना जिना चढवेना."

साहेब जिना चढले.

पेडणेकरांना उशा लावून बसवलं होतं. धनेश, सौमित्र, रमाबाई भिंतीशी उभे. लतिकाने पिशवी लावली, चाक उघडलं. थेंब सुरू झाले. सगळे म्हाताऱ्याच्या हाताकडे बघत होते. बोटं चादरीवरून सरपटत चाकापर्यंत गेली. अंगठा घसरला. अधीक्षकांनी घड्याळ पाहिलं. अंगठा पुन्हा चढला, पुन्हा घसरला. कपाळावर घाम. तिसऱ्या वेळी चाक खाली सरकलं.

थेंब थांबले.

मग पेडणेकरांनी, कोणी सांगितलं नसताना, तेच चाक वर सरकवलं. त्याला जास्त वेळ लागला. पण थेंब पुन्हा सुरू झाले, तेव्हाच त्यांनी हात मागे घेतला.

"ठीक," अधीक्षक घसा साफ करत म्हणाले. "म्हणजे रुग्णाची चूक. प्रकरण मिटलं."

"मिटलं नाही," सुचित्राबाई म्हणाल्या. "माझ्या वेळी भरतीच्या फॉर्मवर एक रकाना होता: उपास कोणते करता. परळ-लालबागमध्ये अर्धी माणसं करतात. तुमच्या कॉम्प्युटरात शाकाहारी की मांसाहारी, एवढंच उरलंय. त्यांना कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. रकाना परत घाला. आणि इन्सुलिनला हात लावण्याआधी फीडच्या चाकाला हात लावायचा, हे भिंतीवर लिहा."

"माझंही लिहा," लतिका म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. "दर तासाला चाक बघायला हवं होतं. नऊ पेशंटना मी एकटी होते, नाही बघितलं. तेवढी माझी चूक. तेवढीच लिहा. एक शब्द जास्त नको."

"साखर घसरत होती आणि मी दोन तासांनी बघा म्हटलं नाही," सौमित्र भिंतीजवळून म्हणाला. "ते माझं. त्याच कागदावर."

अधीक्षकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग पेन काढलं.

७

लतिकाचं निलंबन त्याच संध्याकाळी मागे घेतलं गेलं. वातावरण निवळेपर्यंत बाह्यरुग्ण विभागात बस, असं तिला सुचवण्यात आलं. तिने नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात हजर झाली. आता नव्या सिस्टरांना नळीचं जेवण तीच शिकवते.

पेडणेकर गणपतीत रुग्णालयातच होते. अनंत चतुर्दशीला लालबागचा आवाज खिडकीतून येत होता आणि ते खुर्चीत बसून पेज गिळायला शिकत होते. ऑक्टोबरात घरी गेले, काठी टेकत. रोज दोन अंडी, उसळ, दूध. मांडीवर मांस चढायला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत त्यांनी एकही उपास केला नाही आणि त्याबद्दल कोणाला खुलासाही दिला नाही. टॉवरच्या संमतीवर त्यांनी अजून सही केलेली नाही.

धनेशने तो विषय सोडला. तो आता शनिवारी डोंबिवलीहून येतो आणि संपाच्या काळातलं ऐकून घेतो. आईबद्दलचं बरंचसं त्याला नवीनच होतं.

डॉक्टर सौमित्र परीक्षा पास झाला. राउंडला प्रत्येक खाटेपाशी तो आधी पेशंटशी बोलतो, उत्तर देता येवो न येवो.

रमाबाईंनी सुचित्राबाईंशी दोन महिने अबोला धरला, मग त्या स्वतःच ठाकूरद्वारला आल्या, बांगड्याचं तिखलं घेऊन; मार्चमध्ये त्या निवृत्त झाल्या. मनूची वही नव्या मॅडमनी कपाटातून काढून टेबलावर ठेवली.

सुचित्राबाईंचा सत्कार करायचं रुग्णालयाने ठरवलं. शाल, श्रीफळ, फोटो. त्यांनी कळवलं की शाल नको, अतिदक्षता विभागात दोन सिस्टर वाढवा. रुग्णालयाने एक वाढवली. दुसरीसाठी सुचित्राबाई दर महिन्याच्या एक तारखेला अधीक्षकांना पत्र पाठवतात, आणि उत्तर आलं नाही तर पाच तारखेला स्वतः जाऊन बसतात.